चहाचा लेप, गोरा रंग आणि माझी एक जुनी चूक

परवा सकाळी बसस्टँडसमोरच्या टपरीवर चहा पीत उभा होतो. कॉलेजच्या दोन पोरी आल्या. चहा घेतला नाही. टपरीवाल्या काकांकडून गाळणीतला चोथा प्लास्टिकच्या पिशवीत भरून घेतला आणि गेल्या. मला वाटलं, गुलाबाच्या कुंडीत टाकायला नेत असतील. काकांना विचारलं, तर म्हणाले, "कुंडीत कायचं भाऊ, तोंडाले लावतेत. आठवड्यातून चार-पाच जणी येतात. मी म्हणतो न्या, मले तसाही फेकाचाच आहे."

आजूबाजूचे हसले. मला हसू आलं नाही. का आलं नाही, तेच आज सांगतो. पोस्ट मोठी आहे. घरात वयात आलेली मुलगी, बहीण, भाची असेल तर शेवटपर्यंत वाचा. मुलगा असेल तरी वाचा, कारण हल्ली पोरंही यात मागे नाहीत.

गोष्ट माझ्या भाचीची आहे. तिला विचारून लिहितोय. "नाव नको, बाकी सगळं लिहा मामा," असं ती म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी तिला पाहायला पाहुणे येणार होते. पोरगी हुशार, बी.एस्सी. करणारी, रंगानं सावळी. आमच्या घरात सगळेच सावळे आहोत. पाहुणे यायला तीन आठवडे होते, म्हणून ताईनं घरगुती उपाय सुरू केला. चहापत्तीचा चोथा, त्यात लिंबाचा रस आणि चिमूटभर खायचा सोडा. रोज रात्री लावायचा, सुकला की घासून काढायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी चेहऱ्याची आग व्हायला लागली. ताई म्हणाली, "जळजळ होते म्हणजे लागू पडतंय." आणखी तीन दिवस लावलं. मग दोन्ही गालांवर लाल चट्टे आले आणि बघता बघता ते काळे पडले.

मी ताईवर चिडलो. म्हटलं, "हे कुणी सांगितलं तुला?"

ती म्हणाली, "कुणी काय? तुझ्याच पेपरात आलं होतं." आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं कात्रण तिनं दाखवलं.

ते कात्रण मी ओळखलं. सात-आठ वर्षांपूर्वी मी महिलांचं पान लावायचो. एका रात्री जाहिरात ऐनवेळी रद्द झाली आणि पानावर तीनशे शब्दांची जागा रिकामी राहिली. अकरा वाजून गेले होते. मी इंटरनेटवर एक इंग्रजी मजकूर शोधला, त्याचं भाषांतर केलं आणि वर मथळा टाकला: 'चहाने उजळा चेहरा, पंधरा दिवसांत फरक'. शेवटी माझ्या मनानं एक ओळही जोडली, 'पूर्णपणे घरगुती असल्याने कोणतेही दुष्परिणाम नाहीत'. ना कुठल्या डॉक्टरला विचारलं, ना स्वतः करून पाहिलं. पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं की बातमी दोन ठिकाणांहून तपासून घ्यायची. नगरपालिकेच्या टेंडरची बातमी असली की मी तपासायचो. हे बायकांचं पान होतं, म्हणून तपासलं नाही. माझी चूक एवढी साधी आणि एवढी मोठी आहे.

पुढे जे झालं ते जास्त वाईट. चट्टे पाहून घरचे घाबरले. डॉक्टरकडे न जाता ओळखीच्या मेडिकलवर गेले. दुकानाचं नाव घेत नाही, कारण आपल्या गावात असं करणारं ते एकटं दुकान नाही. काउंटरवरच्या माणसानं चेहरा पाहिला आणि एक ट्यूब काढून दिली. चिठ्ठी मागितली नाही. चार दिवसांत चट्टे गेले, चेहरा गुळगुळीत झाला. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मग ती ट्यूब रोजचीच झाली. दोन महिन्यांनी चेहरा कायम लाल दिसायला लागला, बारीक पुरळ आलं, गालावर लव वाढली. उन्हात गेलं की आग व्हायची. ट्यूब एक दिवस बंद केली की दुप्पट त्रास. शेवटी अकोल्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी ट्यूबवरचं नाव वाचून विचारलं, "हे कुणी लिहून दिलं?" कुणीच लिहून दिलं नव्हतं. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. चेहरा बराचसा पूर्ववत व्हायला वर्ष गेलं.

पाहुण्यांचं म्हणाल तर ते येऊन गेले आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले.

त्या डॉक्टरांशी मी नंतर दोनदा बोललो. मिळालं तेवढं वाचलं. आज जे लिहितोय ते तेव्हा, त्या तीनशे शब्दांत, लिहायला हवं होतं.

आधी चहाबद्दल. काहीजण म्हणतील, चहा काय वाईट आहे का? नाही, चहा वाईट नाही. चहात टॅनिन असतं, ज्यामुळे कोरा चहा पिताना जीभ आखडल्यासारखी वाटते. तेच टॅनिन चेहऱ्यावर लागलं की कातडी थोडा वेळ ताणल्यासारखी वाटते, तेलकटपणा कमी जाणवतो. चहात कॅफिन असतं, त्यानं रक्तवाहिन्या थोडा वेळ आकुंचन पावतात. म्हणून थंड चहाची पिशवी डोळ्यांवर ठेवली की जागरणाची सूज जरा उतरते. त्यात गारव्याचाही मोठा वाटा असतो. हिरव्या चहात कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात आणि त्यांच्यावर खरोखर संशोधन झालेलं आहे. हिरव्या चहाच्या अर्काचं एक मलम २००६ साली अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. पण ते एका प्रकारच्या चामखिळीसाठी, ठरावीक तीव्रतेचं, कारखान्यात तयार केलेलं आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं. आपल्या पातेल्यातला चहा म्हणजे ते मलम नव्हे. ही द्रव्यं हवा लागली की लवकर बिघडतात. कापून ठेवलेलं सफरचंद तपकिरी पडतं, तसंच समजा.

म्हणजे चहाच्या लेपानं काय होतं? थोडा गारवा, थोडा ताजेपणा, तेलकटपणा तासा-दोन तासांपुरता कमी. बस. रंग बदलत नाही. आपला रंग ठरतो मेलॅनिनवर आणि ते आई-बापाकडून येतं. कुठलाही चहा त्याला धुऊन काढत नाही.

हे मान्य करून ज्यांना लावायचाच आहे त्यांनी जरूर लावावा. दहा रुपयांत अर्धा तास स्वतःसाठी मिळत असेल तर तो आनंद कुणी का हिरावून घ्यावा? फक्त नीट लावा.

चहा कोरा हवा. दूध, साखर, आलं, मसाला काही नको. एक चमचा पत्ती कपभर गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, गाळा, पूर्ण गार होऊ द्या. त्याच दिवशी वापरा, उरला तर झाडाला घाला. टपरीवरचा चोथा अजिबात नको. तो दूध-साखरेत उकळलेला असतो आणि उन्हाळ्यात तासन् तास उघड्यावर पडलेला असतो. त्यावर जंतू वाढायला आणखी काय पाहिजे? शिवाय चोथ्यानं घासू नका. त्याच्या कडा खरखरीत असतात, चेहऱ्याला बारीक ओरखडे पडतात.

चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा आणि एक-दोन दिवस थांबा. खाज, लाली आली तर तो नाद सोडा.

आता त्वचेप्रमाणे सांगतो, कारण सगळ्यांना एकच लेप चालत नाही.

तेलकट त्वचा: चहाचा त्यातल्या त्यात उपयोग होतो तो इथे. गार कोऱ्या चहात चमचाभर मुलतानी माती किंवा बेसन कालवा. दहा-बारा मिनिटांनी, पूर्ण सुकून तडे जायच्या आत, साध्या पाण्यानं धुवा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. रोज तेल काढत राहिलात तर कातडी कोरडी पडून चुरचुरायला लागते.

कोरडी त्वचा: मुलतानी माती नको. टॅनिन आणि माती दोन्ही कोरडेपणा वाढवतात. चहा पातळ घ्या, त्यात चमचाभर मध आणि बारीक केलेलं ओट्सचं पीठ किंवा थोडी साय घाला. दहा मिनिटं पुरे. धुतल्यावर लगेच, चेहरा ओलसर असतानाच, मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेलाचा हलका हात लावा. ज्यांना पुटकुळ्या येतात त्यांनी खोबरेल टाळावं. आणि खरं सांगायचं तर कोरड्या त्वचेला चहाचा फार फायदा नाही. मधाचा आणि सायीचा आहे.

मिश्र त्वचा, म्हणजे कपाळ, नाक, हनुवटी तेलकट आणि गाल कोरडे: आपल्याकडे हीच बरीच दिसते. चहा-मातीचा लेप फक्त तेलकट भागावर लावा. गालांवर मध किंवा कोरफडीचा गर. सगळ्या तोंडाला एकच लेप थापायची गरज नाही.

संवेदनशील त्वचा, म्हणजे नवा साबण लावला तरी जिची लाली होते: लेप नकोच. फार तर पातळ गार चहात स्वच्छ सुती कापड बुडवून पाच मिनिटं ठेवा. जळजळ झाली की लगेच धुवा.

पिकलेल्या पुटकुळ्या, इसब, जखम, भाजलेलं: चहा नाही, माती नाही, काही नाही. डॉक्टर.

आणि कुठल्याच त्वचेला लिंबू आणि सोडा नको. आपल्या कातडीचा स्वभाव किंचित आम्लधर्मी असतो. लिंबू त्याहून कितीतरी जास्त आम्ल, सोडा नेमका उलट, अल्कधर्मी. दोन्हीही कातडीचं वरचं संरक्षण बिघडवतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काही जणांना फोड येतात आणि डाग महिनोन् महिने राहतात. आपला उन्हाळा काय असतो ते वेगळं सांगायला नको.

डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. सावळ्या आणि गव्हाळ कातडीला इजा झाली, जळजळ झाली, की बरी होताना ती जागा काळी पडते. आपल्याकडे हे जास्त होतं, कारण आपल्या कातडीत मेलॅनिन जास्त सक्रिय असतं. म्हणजे गोरं होण्यासाठी जो घासतो, जाळतो, सोलतो, तोच जास्त काळा होतो. मग त्या डागांसाठी आणखी कडक उपाय आणि त्यानंतर मेडिकलवरची ट्यूब. ताईचं "जळजळ होते म्हणजे लागू पडतंय" हे वाक्य मी गावात निदान दहा घरांत ऐकलं आहे. जळजळ होते म्हणजे इजा होते आहे. दुसरा काही अर्थ नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. चहा लावा, पण गोरं व्हायला नको. चहाचं नुकसान फार नाही. 'उजळ' या शब्दाचं आहे. त्या शब्दासाठी पोरगी चहात लिंबू पिळते, लिंबानं भागलं नाही की ट्यूब घेते, ट्यूबनं भागलं नाही की पार्लरमधून बिननावाची डबी आणते.

त्या डबीबद्दल. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली होती, आठवत असेल. चेहऱ्याची क्रीम वापरणाऱ्या घरातल्या तिघींच्या किडन्यांना त्रास झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा मेलॅनिन तयार होणं रोखतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून किडनीत जातो. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातही असेच रुग्ण सापडले आणि त्यावर डॉक्टरांनी शोधनिबंध लिहिला. अकोला आपल्यापासून किती लांब आहे? एसटीनं दोन-अडीच तास. त्या वेळी आपल्या गावातल्या किती पार्लरमधल्या डब्या कुणी तपासल्या? मी पत्रकार आहे, मीही विचारलं नाही.

कायदे नाहीत असं नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं चौदा प्रकारची स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांत पाऱ्याला मनाई आहे, नकळत आलेल्या अंशालाही अगदी कडक मर्यादा आहे. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापणं बंधनकारक आहे. कागदावर सगळं आहे. आपल्या बाजारपेठेत मात्र आजही तोंड दाखवलं की ट्यूब मिळते.

तेव्हा मागण्या काय, ते स्पष्ट लिहितो.

१. मेडिकलवाल्या मित्रांनो, तुमच्यातले बरेच माझ्या ओळखीचे आहात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काहीही असलेलं मलम चिठ्ठीशिवाय चेहऱ्यासाठी देऊ नका. चाळीस-पन्नास रुपयांच्या ट्यूबमधून तुम्हाला किती सुटतात? आणि कुणी ही ट्यूब महिनोन् महिने वापरत असेल तर एकदम बंद करायला सांगू नका, डॉक्टरकडे पाठवा.

२. अन्न व औषध प्रशासनानं वर्षातून एकदा तरी तालुक्याच्या ठिकाणी येऊन मेडिकलचे विक्रीचे कागद आणि पार्लरमधल्या बिननावाच्या डब्या तपासाव्यात. सणासुदीला खव्याचे नमुने घेता तसे हेही घ्या.

३. सरकारी दवाखान्यात महिन्यातून दोन दिवस तरी त्वचारोगतज्ज्ञ बसावा. अकोल्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी, तिकीट आणि फी. हे परवडत नाही म्हणून लोक काउंटरवर तोंड दाखवतात. त्यांना नुसतं अडाणी म्हणून चालणार नाही. या मागणीसाठी मी स्वतः अर्ज टाकतो आहे. आमदारांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना प्रत देणार आहे.

४. पेपरवाल्यांनो, म्हणजे माझ्यासकट सगळ्यांनो, महिलांचं पान हे जागा भरायचं पान नव्हे. आरोग्याची टीप छापायची तर डॉक्टरला दाखवा. आणि त्याच पेपरात आतल्या पानावर वधू-वर जाहिरातीत 'गोरी, सुस्वरूप' छापून वर सौंदर्याच्या टिपा देतो, ते जरा आठवून बघा.

५. घरातल्या मोठ्यांनो, बायोडेटात रंगाचा रकाना कशाला पाहिजे? काढून टाका. पोरीनं शिक्षण काय घेतलं ते वर लिहा.

कुणी म्हणेल, "इतकं काय, साधा चहा तर आहे." साधा चहाही साधा असतोच असं नाही. वापरलेली पत्ती वाळवून, रंग लावून पुन्हा विकली जाते. सुट्या पत्तीत लोखंडाचा कीसही निघतो. घरी तपासता येतं. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पत्ती पसरा, वर पाणी शिंपडा, थोड्या वेळानं कागद नळाखाली धुवा. कागदावर काळसर-तपकिरी डाग राहिले तर पत्तीला रंग लावलेला आहे. पत्तीवरून लोहचुंबक फिरवा, कीस असेल तर चिकटेल. जी पत्ती तोंडाला लावणार, तीच आपण रोज पोटात घालतो. तेव्हा हे तपासणं सगळ्यांच्याच कामाचं आहे.

मी त्या जुन्या मजकुराबद्दल आमच्या पेपरात खुलासा छापायला सांगितलं होतं. "आता सात-आठ वर्षांनी कोण वाचणार?" असं उत्तर मिळालं. म्हणून इथे लिहितो: तो मजकूर मी लिहिला होता, तो चुकीचा होता आणि ज्यांनी तो वाचून चेहऱ्याला लिंबू-सोडा लावला त्यांची मी माफी मागतो. कुणाच्या कपाटाला ते कात्रण अजून चिकटलेलं असेल तर कृपा करून फाडून टाका.

तुमच्या घरात असं काही घडलं असेल, चिठ्ठीशिवाय ट्यूब मिळाली असेल, बिननावाची डबी असेल, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव कुठेही येणार नाही. जमतील तेवढे अनुभव त्या अर्जाला जोडतो.

भाची आता एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. गालांवर थोडे डाग आहेत, ती त्यांचं काही मनावर घेत नाही. परीक्षेच्या दिवसांत रात्री अभ्यास झाला की गार कोऱ्या चहात रुमाल भिजवून डोळ्यांवर ठेवते. परवा मी म्हटलं, "अजून चहा सोडला नाहीस का?" तर म्हणाली, "मामा, चहानं माझं काय केलं होतं?"